राजपुत्राचा जीव

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले तेव्हाची गोष्ट आहे. इंग्लंडच्या गादीचा वारस, युवराज एडवर्ड, तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याच्या वयाची मुले फ्रान्सच्या खंदकांत मरत होती आणि याला मात्र मायदेशी गणवेश घालून मिरवावे लागत होते. तो युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांच्याकडे गेला आणि मला आघाडीवर पाठवा म्हणून हटून बसला. मी मेलो तर असे काय बिघडणार आहे, मला चार भाऊ आहेत, असे त्याचे म्हणणे. किचनरसाहेबांचे उत्तर प्रसिद्ध आहे. युवराज मरणारच अशी खात्री असती तर त्यांना अडवणे कितपत योग्य ठरले असते कोण जाणे, पण शत्रूने त्यांना जिवंत पकडले तर काय, ती जोखीम मी घेणार नाही, असा त्या उत्तराचा मथितार्थ.

हा संवाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आले. पुन्हा वाचला तेव्हा ते हसू राहिले नाही. दोघेजण एका विशीतल्या मुलाच्या जिवाचा हिशेब मांडत बसले आहेत आणि दोघांच्याही हिशेबात त्या जिवाला स्वतःची अशी किंमत नाही. मुलगा म्हणतो, घरात आणखी चार आहेत. मंत्री म्हणतो, मेलेला राजपुत्र परवडेल, पकडलेला परवडणार नाही. आणि गंमत अशी की आपल्याला यातला मुलगा आवडतो आणि मंत्रीही पटतो. राजपुत्राने मरायला तयार असावे आणि कुणी त्याला मरू देऊ नये, अशी ही दुहेरी इच्छा. विलायतेतले लोक आपल्या राजघराण्यातल्या लष्करी वैमानिकांकडे आजवर ज्या नजरेने पाहत आले, तिचे मूळ या दुहेरी इच्छेत आहे असे मला वाटते.

चकली-चिवड्याच्या ताटाशेजारी उघडायच्या या पानांत परमुलखातल्या राजपुत्रांचे काय काम, असे कुणी विचारील. पण आपल्या अंगणाकडेच पाहा ना. दिवाळीची सुट्टी लागली की पोरे विटा-माती आणून किल्ला रचतात, त्यावर अळीव पेरतात, गुहेत वाघ बसवतात. शिवाजीमहाराज सिंहासनावर, अगदी वर. मावळे खाली, पायऱ्यांवर, दाराशी, तोफेजवळ. एखादा मावळा पावसाने विरघळला किंवा मांजराने पाडला तर बाजारातून दुसरा आणतात, त्याबद्दल कुणी रडत नाही. महाराजांची मूर्ती मात्र दिवाळी संपली की कापसात गुंडाळून माळ्यावर ठेवतात. कोणाचा जीव कोणत्या उंचीवर, हे आपण असे सहा-सात वर्षांच्या वयातच शिकून घेतो.

खरे महाराज त्या मूर्तीसारखे वरती बसून राहिले नाहीत. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला भेटायला ते स्वतः गेले, १६६३ मध्ये लाल महालात शायिस्ताखानावर स्वतः चालून गेले. मावळ्यांनी त्यांच्यासाठी जीव ओवाळून टाकले त्याला हे एक मोठे कारण असले पाहिजे. पण १६६० मध्ये पन्हाळ्याहून निसटताना महाराजांचे सोंग घेऊन पालखीत बसला तो शिवा काशीद, आणि खिंडीत उभा राहिला तो बाजीप्रभू. लाख मेले तरी चालतील, लाखांचा पोशिंदा जगला पाहिजे, हे वाक्य आपल्याकडे इतके मुरले आहे की त्यात काही नैतिक पेच आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. शिवा काशीदाच्या आईला तो पेच जाणवला असेल.

तलवारीच्या काळात राजाचा मुलगा रणात उतरला तरी त्याच्याभोवती निवडक माणसांचे कडे असे. त्याच्या वाटेचा घाव आधी दुसऱ्याला लागे. विमान आले आणि ही सोय गेली. दोन माणसांच्या कोंदट जागेत राजपुत्र बसतो, हातात दांडा धरतो, आणि वर गेल्यावर त्याच्यापुढे उभा राहायला बाजीप्रभू नसतो. इंजिन बंद पडले तर ते कुणाचा मुलगा बसला आहे हे विचारत नाही. इंग्लंडच्या राजघराण्यात वैमानिकाची परीक्षा प्रथम उत्तीर्ण झाला तो एडवर्डचा धाकटा भाऊ आल्बर्ट, १९१९ मध्ये. तोच पुढे सहावा जॉर्ज म्हणून गादीवर बसला. त्याच्यापासून विमान चालवणे ही तिथल्या राजपुत्रांची जवळजवळ रीतच होऊन गेली. लोकांना ती आवडली, कारण या एका जागी तरी राजपुत्राला उसना जीव वापरता येत नाही. मात्र विमानाला दुसरी बाजूही आहे. ते माणसाला जमिनीपासून उचलते. खाली जो मरतो त्याचा चेहरा वरच्याला दिसेलच असे नाही. जीव धोक्यात घालायची सर्वांत उघडी जागा आणि जीव घ्यायची सर्वांत दूरची जागा, अशा दोन्ही गोष्टी त्या एका आसनात आहेत. लोकांचे मन त्या दोहोंमध्ये कसे हेलकावे खाते ते गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत फार स्पष्ट दिसले.

२ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या फौजा फॉकलंड बेटांवर उतरल्या आणि तीन दिवसांत इंग्लंडच्या आरमाराचा काफिला निघाला. त्यातल्या ‘इन्व्हिन्सिबल’ या विमानवाहू जहाजावर राणी एलिझाबेथचा दुसरा मुलगा अँड्र्यू होता. वय बावीस, हुद्दा अगदी खालचा, काम सी किंग जातीच्या हेलिकॉप्टरवर सहवैमानिकाचे. मंत्रिमंडळातल्यांना घाम फुटला. याला कुठे तरी टेबलामागे बसवावे असा विचार पुढे आला. राणीने तो मानला नाही. तो नोकरीतला अधिकारी आहे, त्याचे जहाज जाईल तिथे तो जाईल, अशी तिची भूमिका होती. त्या काळातल्या इंग्लंडला ही गोष्ट फार भावली. घराघरांत बायका म्हणू लागल्या की राणीही आता आपल्यासारखीच रात्री रेडिओजवळ बसते.

तिकडे त्या पोराचे काम काय होते? पाणबुड्या शोधणे, बुडणाऱ्यांना उचलणे, आणि शिवाय एक विलक्षण काम. शत्रूकडे एक्झोसेट नावाचे क्षेपणास्त्र होते. लाटांना चाटत येणारे हे अस्त्र रडारवर जे मोठे दिसेल त्याकडे वळते. ४ मे रोजी त्याने ‘शेफील्ड’ ही विनाशिका जाळली, वीस खलाशी मेले. विमानवाहू जहाज बुडाले असते तर युद्धच आटोपले असते. म्हणून हेलिकॉप्टरांनी जहाजाच्या जवळ अधांतरी थांबायचे, आपणच मोठे लक्ष्य आहोत असे अस्त्राला भासवायचे, ते वळले की शेवटच्या क्षणी वर उठायचे. म्हणजे जहाजातल्या शेकडो माणसांसाठी राणीचा मुलगा पालखीत बसलेला. शिवा काशीदाचे काम राजपुत्राकडे आल्याचे दुसरे उदाहरण मला तरी सांगता येणार नाही. २५ मे रोजी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजावर एक्झोसेट आदळले, ते त्याने आकाशातून पाहिले आणि तिथल्या माणसांना वाचवण्यात हात लावला. सप्टेंबरमध्ये ‘इन्व्हिन्सिबल’ पोर्ट्समथला परतले तेव्हा राणी आणि तिचे यजमान धक्क्यावर आले होते आणि अँड्र्यूने दातांत गुलाबाचे फूल धरले होते. ते छायाचित्र जगभर गेले. इंग्लंडचे २५५ आणि अर्जेंटिनाचे ६४९ सैनिक परतले नव्हते.

या वीराचे पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. हा अंक घरातल्या लहानथोरांच्या हातांत जाणार, म्हणून तपशिलात शिरत नाही. एवढेच सांगते की त्याच्यावर गंभीर आरोप झाले, त्याने ते नाकारले, जानेवारी २०२२ मध्ये त्याच्या मानाच्या लष्करी पदव्या परत घेतल्या गेल्या आणि २०२५ मध्ये राजपुत्र हे बिरुदही गेले. माझ्या मनात रुतून बसली ती २०१९ मधली दूरदर्शनवरची त्याची मुलाखत. आरोप करणारी बाई म्हणत होती की त्या रात्री त्याला घाम येत होता. त्यावर याचे उत्तर असे, की फॉकलंडच्या युद्धात आपल्यावर गोळीबार झाला, त्याच्या धसक्याने शरीरात असा काही बिघाड झाला की त्या वर्षांत आपल्याला घामच येत नसे. लोक हसले. मला हसण्यापेक्षा वाईट वाटले, आणि ते त्याच्यासाठी नव्हे. धोक्यात काढलेले ते तास खरे होते. पण ते बँकेत ठेव ठेवल्यासारखे सदतीस वर्षांनी काढून खर्चायचे नसतात. त्या तासांत त्याच्याबरोबर अधांतरी लटकलेले इतर वैमानिकही होते. त्यांपैकी कोणाला आपल्या कुठल्या चुकीच्या वेळी असा चेक वटवता आला असता? बावीस वर्षांच्या मुलाचे शौर्य पुढच्या वागण्याने खोटे ठरत नाही. पण पुढचे वागणे त्याच्या खात्यावर टाकायचे, हे सामान्य सैनिकाला कधी सुचतही नाही.

दुसरे उदाहरण हॅरीचे. राणीचा नातू, तेव्हा गादीच्या रांगेत तिसरा. २००७ साली त्याची पलटण इराकला जायची होती आणि त्यालाही जायचे होते. मे महिन्यात सरसेनापती जनरल डॅनट यांनी जाहीर केले की तो जाणार नाही. नेमक्या त्याच्यावर नेम धरल्याच्या धमक्या आल्या होत्या, आणि तो तिथे गेला तर त्याच्याबरोबरच्या माणसांचाही धोका वाढेल, असे कारण दिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला गुपचूप अफगाणिस्तानात हेलमंड प्रांतात पाठवले. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी बातमी न छापण्याचे कबूल केले होते. तिथे तो स्वतः उडत नव्हता, जमिनीवरून लढाऊ विमानांना मार्ग आणि लक्ष्य सांगण्याचे काम करी. वरच्या वैमानिकांना तो फक्त रेडिओवरच्या एका सांकेतिक नावाने ठाऊक होता. माझी खात्री आहे की त्याच्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे आठवडे असतील. फेब्रुवारी २००८ च्या अखेरीस परदेशात बातमी फुटली आणि एकदोन दिवसांत त्याला परत आणले. त्याच विमानात जखमी सैनिक होते. खरे वीर ते आहेत, मी नव्हे, असे तो उतरल्यावर म्हणाला.

ती बातमी आमच्याकडे आली तेव्हा मी साताऱ्याला अक्काकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे, होते. अक्काचा मुलगा आपल्या लष्करात वैमानिक. त्या दिवसांत तो लेहच्या पलीकडे, सियाचिनच्या चौक्यांवर चीता हेलिकॉप्टरने रसद पोचवायच्या कामावर होता. वीस हजार फुटांच्या आसपास हवा इतकी विरळ की त्या यंत्राला स्वतःचे वजन पेलताना धाप लागते. रॉकेलचे दोन-तीन डबे न्यायचे, ते टाकायचे, खाली एखादा पाय गोठलेला जवान असेल तर त्याला उचलून आणायचे. मी अक्काला सकाळी बातमी वाचून दाखवली आणि म्हटले, “बघ, राजाचा मुलगा असूनही गेला होता की नाही!” अक्का गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, “अगं, त्याचं नाव पेपरात आलं म्हणून त्याला घरी आणलं. माझ्याचं नाव कुठं पेपरात येतंय, म्हणून तो तिथंच.” मग हातातली शेंग तशीच धरून राहिली आणि घाईघाईने म्हणाली, “नकोच बाई यायला. देव करो नि त्याचं नाव पेपरात न येवो.”

तिच्या बोलण्यात हेवा नव्हता. त्या मुलाला परत आणले याचे तिला बरेच वाटले असावे. पण एका वाक्यात तिने किचनरसाहेबांचा सगळा हिशेब उलगडून दाखवला. ज्याचे नाव मोठे त्याचा धोका मोजला जातो. ज्याचे नाव नाही त्याचा धोका म्हणजे नुसती नोकरी. साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे, घरटी माणूस फौजेत जाणारे, म्हणून त्याचे नावच अपशिंगे मिलिटरी पडले आहे. तिथल्या घरांतून कुणाला पाठवावे की न पाठवावे याची मंत्रिमंडळात चर्चा कधी झाल्याचे ऐकिवात नाही.

तरीही जनरल डॅनट यांचा निर्णय मला चूक वाटत नाही. त्यांनी मोजला तो शेजारच्या शिपायाचा जीव. राजपुत्र जिथे उभा राहतो तिथे शत्रूच्या तोफा वळतात, आणि तोफेला फक्त त्यालाच शोधता येत नाही. आपल्याला तर हे फार महाग पडलेले ज्ञान आहे. पानिपतावर नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव, मिसरूड फुटलेला पोर, मोहिमेचा नावाचा मुख्य म्हणून सैन्यात होता. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी त्याला गोळी लागली. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, अंबारी रिकामी दिसली आणि लढत असलेल्या फौजेचे पाय सुटले, असे बखरकार सांगतात. हरण्याची कारणे इतर अनेक होती, उपासमार हे त्यांतले मोठे. पण एक मुलगा पडल्यावर जिवंत हजारोंना आपण हरलो असे वाटले, याला मुलाचा दोष म्हणता येत नाही. त्याला तिथे नेऊन उंचावर बसवणाऱ्यांनी हे आधी मनात आणायला हवे होते.

हॅरी मागे हटला नाही. त्याने हेलिकॉप्टर शिकायला घेतले. जमिनीवर त्याचा चेहरा ओळखला जाई, त्यामुळे सोबत्यांना धोका. आकाशात चेहरा कुणाला दिसणार? तो अपाचे या हल्ल्याच्या हेलिकॉप्टरचा वैमानिक झाला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये पुन्हा हेलमंडला गेला, या वेळी उघडपणे, सहवैमानिक आणि तोफची म्हणून. जानेवारी २०१३ मध्ये परतताना त्याने मुलाखत दिली. आपण माणसे मारली आहेत असे सुचवले, एक जीव वाचवायला एक जीव घ्यावा लागतो अशा अर्थाचे काही बोलला, आणि आपल्याला दूरदर्शनवरचे खेळ खेळायची सवय असल्याने ते बटणांचे काम बरे जमते असेही बोलून गेला. लोक चपापले. २०२३ च्या जानेवारीत ‘स्पेअर’ हे त्याचे पुस्तक आले. राजघराण्यातला राखीव मुलगा, असा त्या नावाचा रोख. एडवर्डच्या चार भावांची आठवण मला तेव्हा झाली. त्या पुस्तकात त्याने संख्या सांगितली, पंचवीस. त्या वेळी ती माणसे आपल्याला बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारखी दिसत, असेही लिहिले. मग मात्र गदारोळ उठला. निवृत्त सेनाधिकारी म्हणाले, आमच्यात कुणी संख्या सांगत नाही. तालिबानच्या एका नेत्याने सांगितले की त्या सोंगट्या नव्हत्या, बायकामुलांची माणसे होती. हे खरेच होते, फक्त ते सांगणाऱ्याच्या बाजूने बायकामुलांच्या माणसांचे काय काय केले होते तेही जगाने पाहिले होते.

या गदारोळाचा मी बराच विचार केला आहे. अपाचे हे यंत्र कशासाठी असते? त्याच्या नाकाखाली तोफ आहे, पंखांखाली क्षेपणास्त्रे आहेत, आणि प्रत्येक मारा कॅमेऱ्यात नोंदला जातो, म्हणून तर ती संख्या त्याला इतकी नेमकी ठाऊक. लोकांनी त्याला या यंत्रात बसताना पाहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मरायला तयार झालेल्या मुलासाठी होत्या. तो मारायलाही निघाला आहे ही गोष्ट समोर असून कुणी पाहिली नाही. अँड्र्यूच्या वेळी हे सोपे गेले, कारण त्याचे काम आमिष होण्याचे आणि बुडणाऱ्यांना उचलण्याचे. हॅरीने आकडा सांगितला आणि लोकांना स्वतःच्या टाळ्यांचा अर्थ ऐकू आला. त्यांचा राग निदान अर्धा तरी त्याच्यावर नव्हता.

उरलेला अर्धा मात्र मला रास्त वाटतो. संख्या खोटी असती किंवा लाजिरवाणी असती म्हणून नव्हे. सैनिक गप्प राहतात ते केवळ शिस्तीने नव्हे. माझा भाचा सुट्टीवर आला की आम्ही त्याला बर्फाचे विचारतो, जेवणाचे विचारतो, तो हसून सांगतो. काही गोष्टी मात्र तो सांगत नाही आणि त्याच्या आईने कधी विचारल्या नाहीत. सांगण्याचा हक्क आपल्या एकट्याचा नाही असे अशा माणसांना वाटत असावे. पुढच्या आसनावरच्याने घोडा दाबला तेव्हा मागच्या आसनावर दुसरा कोणी यंत्र स्थिर धरून होता, खाली रेडिओवर तिसरा कोणी मदत मागत होता. ते पंचवीस जण त्या सर्वांचे आहेत. छापील पानावर ते एका राजपुत्राचे झाले. आणि सोंगट्यांची उपमा? ती प्रामाणिक आहे असे मी म्हणेन. त्या उंचीवरून माणूस सोंगटीएवढाच दिसतो. दिसतो तसा तो आहे असे मानायला सैनिकाला शिकवावे लागते, नाही तर त्याच्याकडून ते काम होणार नाही. शिकवणारे आपण, कर भरून ते यंत्र विकत घेणारे आपण. तरीही ती उपमा वाचून मला आमच्या अंगणातला किल्ला आठवला आणि अंगावर काटा आला.

थोरल्या भावाच्या, विल्यमच्या वाट्याला लोकांचे निखळ प्रेम आले. सुरुवातीला तोही बोलणी खाऊन बसला होता. २००८ मध्ये शिकाऊ असताना हवाईदलाचे हेलिकॉप्टर घेऊन तो भावी सासुरवाडीच्या शेतात उतरला आणि दुसऱ्या एका खेपेला आतेभावाच्या मेजवानीला गेला. ते सरावाचेच उड्डाण होते असे खात्याने सांगितले, लोकांना ते पटले नाही. पण २०१० पासून २०१३ पर्यंत वेल्समधल्या अँगल्सी बेटावर तो शोध आणि बचाव पथकात सी किंग चालवीत राहिला. १५६ मोहिमा, १४९ माणसे वाचवली, असा त्या काळाचा हिशेब आहे. नोव्हेंबर २०११ च्या एका वादळी रात्री आयरिश समुद्रात ‘स्वानलंड’ नावाचे मालवाहू जहाज दुभंगून बुडाले. आठ रशियन खलाशांपैकी दोघांना त्याच्या हेलिकॉप्टरने उचलले. असा आकडा कुणीही सांगावा, कुणाचे कपाळ आठीला लागत नाही. पुढे २०१५ ते २०१७ त्याने रुग्णांना नेणाऱ्या हवाई रुग्णवाहिकेवरही काम केले. हे प्रेम त्याने कमावलेलेच होते, वादळात दोरावर लोंबणाऱ्या माणसाखाली यंत्र स्थिर धरणे हा पोरखेळ नव्हे. तरी हे प्रेम करायला लोकांना काही पडत नाही, हे विसरता येत नाही. २०१२ मध्ये हाच विल्यम हेच बचावाचे काम करायला सहा आठवडे फॉकलंडला गेला तेव्हा अर्जेंटिनाने निषेध केला. जेत्याचा गणवेश घालून तो आला, असे त्यांना दिसले. त्यांच्या ६४९ घरांना त्या कपड्यांत दुसरे काही दिसणे कठीण होते.

जॉर्डनची एक हकीकत इथे सांगण्याजोगी आहे. तिथले राजे हुसेन स्वतः विमान चालवीत. १९५८ मध्ये ते उडवीत असलेल्या विमानावर सीरियाच्या मिग विमानांनी झेप घातली होती, त्यातून ते निसटले. त्यांचे चिरंजीव राजे अब्दुल्ला लष्करात हेलिकॉप्टर चालवायला शिकलेले. २०१४ च्या डिसेंबरात जॉर्डनचा एक तरुण वैमानिक, मुआझ अल कसासबे, शत्रूच्या मुलखात पडला आणि जिवंत पकडला गेला. किचनरसाहेबांना ज्याची भीती होती तेच घडले, फक्त तो राजपुत्र नव्हता. त्याला क्रूरपणे मारल्याचे चित्रण फेब्रुवारी २०१५ मध्ये बाहेर आले. तेव्हा सगळीकडे वार्ता पसरली की सूड घ्यायला राजा स्वतः विमानात बसून बाँब टाकायला निघाला आहे. उड्डाणाच्या वेषातले त्याचे छायाचित्र हातोहात फिरले. सरकारने सांगितले की असे काही नाही. लोकांना ते खरे असायला हवे होते. एका सामान्य घरातल्या मुलाच्या जिवाची भरपाई राजाने स्वतःच्या जिवाच्या जोखमीने करावी, ही इच्छा मला समजते. तिच्यात न्यायाचा भाग आहे आणि रक्ताचाही आहे, दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

आणि आता मागच्या महायुद्धातले एक विमान. २५ ऑगस्ट १९४२ रोजी स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डनहून संडरलंड जातीचे उडते जहाज आइसलंडला निघाले. त्यात राजाचा धाकटा भाऊ, हवाईदलातला एअर कमोडोर, ड्यूक ऑफ केंट होता. एडवर्डने किचनरसाहेबांना ज्या चार भावांचा हवाला दिला होता त्यांतला हा एक. त्याच्या घरी सात आठवड्यांचा मुलगा होता. धुके दाट होते. अर्ध्या तासात विमान केथनेसच्या एका डोंगरावर आदळले. आत पंधरा माणसे होती. ड्यूक, त्याचा चिटणीस, त्याचा अंगरक्षक अधिकारी, त्याचा नोकर, आणि विमानाचे अकरा जण. चौदा मेले. ड्यूकच्या निधनाची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली. शोक पार्लमेंटातही झाला. ऑक्टोबरात हवाईमंत्र्यांनी तिथेच चौकशीचा निष्कर्ष सांगितला की विमान चुकीच्या मार्गाने गेले आणि त्याची जबाबदारी मुख्य वैमानिकाची. तो ऑस्ट्रेलियन होता, विशीतला, आणि उत्तर द्यायला उरला नव्हता. विमानाच्या शेपटीतला तोफची तेवढा वाचला. भाजलेल्या अंगाने माळरान तुडवीत दुसऱ्या दिवशी तो एका घराच्या दाराशी पोचला.